मेंदूच्या लहरी: बंद खोलीतून रोजच्या जगण्याकडे

मानवी मेंदूत अहोरात्र चालणाऱ्या विद्युत् हालचाली कवटी न उघडता, केवळ डोक्याच्या त्वचेवर धातूचे छोटे इलेक्ट्रोड बसवून नोंदवण्याच्या पद्धतीला इलेक्ट्रोएन्सेफॅलोग्राफी म्हणतात, आणि रुग्णालयांत तिला ईईजी या लघुनावानेच ओळखले जाते. मेंदूच्या बाह्यस्तरातील असंख्य चेतापेशी जेव्हा जवळजवळ एका तालात कार्य करतात, तेव्हा त्यांच्या सूक्ष्म विद्युत्‌दाबांची बेरीज त्वचेपर्यंत पोहोचते. पण ही बेरीजही इतकी क्षीण असते की टॉर्चमधल्या साध्या सेलच्या दाबाचे सुमारे तीस हजार भाग केले, तर त्यांतला एक भाग म्हणजे जाग्या माणसाच्या मेंदूची एक ठळक लहर होय. इतका दुबळा संकेत पकडायचा तर खोलीतला आवाज, प्रकाश, माणसाची हालचाल, पापण्यांची उघडझाप हे सारे अडथळेच ठरतात. म्हणून या शास्त्राच्या प्रारंभीच्या अभ्यासकांनी माणसाला अंधाऱ्या, शांत खोलीत डोळे मिटून निजवले आणि बाहेरचे जग दाराबाहेर ठेवले. या विद्येचा दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर अडथळा म्हणून बाहेर घालवलेल्या गोष्टी एकेक करून परत आत आल्या आणि स्वतःच अभ्यासाचा विषय बनल्या, असे दिसते.

या इतिहासाची पहिली नोंद माणसांची नव्हे, प्राण्यांची आहे. लिव्हरपूलचे वैद्य रिचर्ड केटन यांनी १८७५ मध्ये ससे आणि माकडे यांच्या उघड्या मेंदूवर इलेक्ट्रोड ठेवून आरशाच्या गॅल्व्हॅनोमीटरने, म्हणजे अत्यल्प विद्युत्‌प्रवाहाने हलणाऱ्या आरशावरून परावर्तित होणारा प्रकाशाचा ठिपका पाहून, मेंदूत सतत प्रवाह असतात हे दाखवले. पुढे १८९० मध्ये पोलंडच्या क्राकूव्ह शहरात अॅडॉल्फ बेक या तरुण शरीरक्रियाशास्त्रज्ञाला या प्रवाहांत आपोआप होणारी आंदोलने दिसली, आणि प्राण्याच्या डोळ्यांवर प्रकाश पडताच ही आंदोलने थांबतात, हेही त्याच्या लक्षात आले. बेकच्या या निरीक्षणाला त्या काळी मिळाले त्यापेक्षा फार मोठे मोल द्यायला हवे, कारण मेंदूची लहर बाहेरच्या जगाला तत्काळ उत्तर देते, हे पुढच्या सगळ्या संशोधनाच्या मुळाशी असलेले तत्त्व त्यात प्रथम प्रकट झाले होते.

माणसाच्या मेंदूची पहिली नोंद जर्मनीतील येना शहरातल्या मनोरुग्णालयाचे प्रमुख हान्स बर्गर यांनी ६ जुलै १९२४ रोजी केली. मेंदूतल्या गाठीमुळे ज्याच्या कवटीचा एक तुकडा आधीच काढलेला होता, अशा सतरा वर्षांच्या मुलावर हा प्रयोग झाला. बर्गर यांची प्रेरणा मात्र आजच्या वाचकाला चकित करणारी आहे. तरुणपणी लष्करी सेवेत असताना ते घोड्यावरून पडून एका मोठ्या अपघातातून वाचले, आणि त्याच दिवशी दूर असलेल्या त्यांच्या बहिणीला त्यांच्याविषयी अकारण काळजी वाटून तिने वडिलांना तार करायला लावली. या योगायोगातून, विचार एका मनातून दुसऱ्या मनात पोहोचू शकतो आणि त्यामागे मोजता येण्याजोगी मानसिक ऊर्जा असली पाहिजे, अशी त्यांची समजूत झाली. ती ऊर्जा त्यांना कधीच सापडली नाही, पण तिच्या शोधात त्यांनी जे मोजले ते खरे निघाले.

आपल्या नोंदींवर बर्गर यांचा स्वतःचाच चटकन विश्वास बसत नव्हता. या लहरी हृदयाच्या ठोक्यांमुळे, टाळूखालच्या रक्तवाहिन्यांच्या स्पंदनामुळे किंवा त्वचेतल्या विद्युत्‌बदलांमुळे तर उमटत नाहीत ना, हे तपासण्यात त्यांनी पाच वर्षे घालवली आणि १९२९ मध्ये पहिला निबंध प्रसिद्ध केला. आपल्या किशोरवयीन मुलाच्या, क्लाऊसच्या, डोक्यावरून घेतलेल्या अनेक नोंदी त्यात होत्या. डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या माणसात सेकंदाला सुमारे दहा वेळा येणाऱ्या मोठ्या लहरींना त्यांनी ‘अल्फा’ आणि त्यांहून जलद, लहान लहरींना ‘बीटा’ अशी नावे दिली. डोळे उघडले किंवा मनातल्या मनात गणित सोडवायला घेतले की अल्फा लहरी विरून जातात, हे त्यांनी दाखवले. बेकला प्राण्यात दिसलेली गोष्ट माणसात, आणि तीही विचारासारख्या अंतर्गत क्रियेच्या संदर्भात, सिद्ध झाली. या विषयावर त्यांनी १९३८ पर्यंत एकाच शीर्षकाखाली चौदा निबंध लिहिले.

बर्गर यांच्या चरित्राची दुसरी बाजू लपवून हा इतिहास लिहिणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. नाझी राजवटीत वंशशुद्धीच्या कायद्याखाली लोकांची सक्तीने नसबंदी करण्याचे निर्णय देणाऱ्या आनुवंशिक आरोग्य न्यायालयाच्या कामात ते सहभागी होते, हे अलीकडच्या संशोधनाने पुराव्यानिशी मांडले आहे. त्यांना केवळ राजवटीचा बळी मानणारी जुनी चरित्रे त्यामुळे अपुरी ठरतात. १९४१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली.

जर्मनीबाहेर बर्गर यांच्या निबंधांकडे प्रथम अविश्वासानेच पाहिले गेले. नोबेल पारितोषिक मिळालेले केंब्रिजचे एडगर एड्रियन आणि त्यांचे सहकारी ब्रायन मॅथ्यूज यांनी १९३४ मध्ये तेच प्रयोग पुन्हा करून पाहिले, लहरी खऱ्या आहेत आणि त्या प्रामुख्याने डोक्याच्या मागच्या, दृष्टीशी संबंधित भागातून येतात, असे दाखवले, तेव्हा हा विषय मान्य झाला. त्यानंतरची प्रगती वेगाने झाली. बोस्टनमध्ये फ्रेडरिक गिब्ज, हॅलोवेल डेव्हिस आणि विल्यम लेनॉक्स यांनी १९३५ मध्ये, मुले काही सेकंद शून्यात पाहत राहतात त्या प्रकारच्या अपस्मारात सेकंदाला तीन या गतीने टोकदार शिखर आणि संथ लहर यांची जोडी उमटते, हे दाखवले. अपस्मार हा भूतबाधेचा किंवा दुबळ्या मनाचा प्रकार नसून मेंदूच्या विद्युत्‌क्रियेतला बिघाड आहे, याचा कागदावर दाखवता येण्याजोगा पुरावा त्यामुळे वैद्यांच्या हाती आला. या एका शोधाने असंख्य कुटुंबांच्या माथ्यावरचा कलंक कमी होण्यास मदत झाली. इंग्लंडमध्ये ग्रे वॉल्टर यांनी १९३६ मध्ये मेंदूतल्या गाठींच्या आसपास संथ ‘डेल्टा’ लहरी दिसतात हे सिद्ध केले. इलेक्ट्रोड डोक्यावर नेमके कोठे लावायचे याविषयी प्रत्येक ठिकाणी वेगळी रीत होती. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या हाडाच्या उंचवट्यापर्यंतचे अंतर दहा आणि वीस टक्क्यांच्या भागांत वाटणारी पद्धत हर्बर्ट जॅस्पर यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केली आणि तीच जगभर रूढ झाली.

बाहेरचे जग या अभ्यासात परत आले ते प्रथम झोपेच्या वाटेने. न्यूयॉर्कजवळच्या टक्सीडो पार्क येथे आल्फ्रेड लूमिस या धनाढ्य वित्तव्यावसायिकाने स्वतःच्या प्रयोगशाळेत झोपलेल्या माणसांच्या रात्रभराच्या नोंदी घेतल्या आणि १९३७ मध्ये झोपेचे टप्पे लहरींवरून ओळखता येतात, असे सहकाऱ्यांसह मांडले. झोपलेल्या माणसाच्या जवळ आवाज केला, तर तो जागा न होताही त्याच्या आलेखात एक मोठी लहर उमटते, हे याच प्रयोगशाळेत दिसले. झोपेत मेंदू बाहेरच्या जगाकडे पूर्ण पाठ फिरवत नाही, असा त्याचा अर्थ होता. शिकागोत युजीन अॅसेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये, झोपेत डोळ्यांच्या जलद हालचालींचा जो टप्पा येतो तो स्वप्नांशी निगडित असल्याचे दाखवले. लूमिस यांच्या खोलीतला तो आवाज पुढे सार्वजनिक धोरणापर्यंत पोहोचला. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयाने २००९ मध्ये रात्रीच्या आवाजाची मार्गदर्शक मर्यादा घराबाहेर सरासरी ४० डेसिबल ठरवली, तेव्हा विचारात घेतलेल्या पुराव्यांत, खोलीच्या आत ३५ डेसिबलपासूनच ईईजीवर जागे होण्याच्या खुणा उमटू लागतात, ही गोष्ट होती; माणसाला सकाळी त्यातले काही आठवतही नाही. भारताच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि महाराष्ट्रातल्या शहरांत वाहतुकीचा व उत्सवांचा आवाज तीही अनेकदा ओलांडतो, हे लक्षात घेतले तर झोपेतल्या या न आठवणाऱ्या जागेपणाचे गांभीर्य समजते.

भारतात या यंत्राला एक वेगळाच प्रश्न विचारला गेला. १९२४ याच वर्षी स्वामी कुवलयानंद यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम ही संस्था योगाचा वैज्ञानिक पद्धतीने अभ्यास करण्यासाठी स्थापन केली होती. १९५० च्या दशकात, समाधीत मेंदूचे काय होते, हे ईईजीने पाहण्याचे प्रयत्न सुरू झाले. एन. एन. दास आणि फ्रान्सचे आंरी गास्तो यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोल ध्यानाच्या वेळी जलद लहरी वाढल्याचे नमूद केले. अमेरिकेतून आलेले बसू बागची आणि मॅरियन वेंगर यांनी वाहून नेता येण्याजोगे यंत्र घेऊन देशभर प्रवास केला, लोणावळ्यातही काम केले, आणि त्यांना ध्यानापूर्वीच्या व ध्यानातल्या लहरींत तसा मोठा फरक आढळला नाही. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत बी. के. आनंद, जी. एस. छीना आणि बलदेव सिंग यांनी १९६१ मध्ये तिसरेच चित्र मांडले: समाधीतल्या योग्यांच्या अल्फा लहरी प्रकाश, मोठा आवाज किंवा गरम वस्तूचा स्पर्श यांनीही थांबल्या नाहीत, आणि दोघा योग्यांनी ४ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात पाऊण तासाहून अधिक वेळ हात बुडवून ठेवला तरी त्यांच्या अल्फा लहरी तशाच चालू राहिल्या. तपासलेल्यांची संख्या थोडी होती, साधनेचे प्रकार वेगवेगळे होते, आणि त्यामुळे या निष्कर्षांना अंतिम मानता येत नाही. तरीही बेक आणि बर्गर यांनी जी लहर बाह्य जगाच्या स्पर्शाने मोडते म्हणून सांगितली, ती न मोडणारी माणसे असू शकतात, हा प्रश्न जगापुढे ठेवण्याचे श्रेय या भारतीय संशोधकांना द्यायलाच हवे.

याच यंत्राकडून त्याच्या शक्तीबाहेरची अपेक्षा केल्यास काय घडते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच सापडते. माणसाने एखादा प्रसंग प्रत्यक्ष अनुभवला आहे की नाही, हे त्याला वाक्ये ऐकवून मेंदूच्या लहरींवरून ओळखण्याचा दावा करणारी एक चाचणी बेंगळूरूतल्या संशोधनातून पुढे आली, न्यायवैद्यक प्रयोगशाळांत वापरली जाऊ लागली, आणि २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खूनखटल्यात दोषी ठरवताना तिच्या अहवालाचाही आधार घेतला. ऐकलेली, कल्पनेत रंगवलेली आणि प्रत्यक्ष जगलेली गोष्ट लहरींवरून निर्विवादपणे वेगळी करता येते, हे मान्य करण्याइतका पुरावा शास्त्राकडे नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० रोजी सेल्वी खटल्यात नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूच्या लहरींची चाचणी व्यक्तीच्या संमतीशिवाय करणे घटनाबाह्य ठरवले. मनातला विचार मोजण्याची बर्गर यांची जुनी आशा येथे आरोपीच्या पिंजऱ्यापर्यंत पोहोचली होती, आणि तिला न्यायालयाने घातलेली मर्यादा नागरिकाच्या स्वातंत्र्याइतकीच शास्त्राच्या प्रतिष्ठेसाठीही आवश्यक होती.

ज्या ठिकाणी प्रश्न साधे आणि प्रामाणिक राहिले, तिथे ईईजीने रोजच्या जगण्याविषयी मोलाचे सांगितले. १९७० च्या दशकात कॅसेटवर दिवसभराची नोंद करणारी, कमरेला बांधण्याजोगी यंत्रे आली आणि अपस्माराचे रुग्ण घरी राहून तपासता येऊ लागले. स्वीडनमध्ये लार्स तोर्सव्हाल आणि तोर्ब्योर्न ओकरस्टेट यांनी रेल्वेचालक गाडी हाकत असतानाच त्यांच्या लहरी नोंदवल्या; १९८७ च्या त्यांच्या निबंधानुसार रात्रपाळीत काहींना डुलक्या लागत, आणि अल्फा लहरींचे मोठे लोट उमटत असताना दोघा चालकांकडून सिग्नलला प्रतिसाद दिला गेला नाही. अंधाऱ्या खोलीत स्वास्थ्याचे लक्षण मानली गेलेली लहर इंजिनाच्या खोलीत धोक्याची सूचना होती. लहरीचा अर्थ तिच्या आकारात नसून माणूस त्या क्षणी कोठे आहे आणि काय करतो आहे यात असतो, हे या अभ्यासाइतके स्पष्टपणे क्वचितच दुसऱ्या कशाने दाखवले असेल.

परिसराचा परिणाम पाहण्याचे प्रयत्नही याच काळातले आहेत. रॉजर अल्रिक यांनी १९८१ मध्ये माणसांना शहराच्या आणि निसर्गाच्या रंगीत स्लाइड दाखवून, शहरापेक्षा झाडी पाहताना अल्फा लहरी अधिक असतात, असे नोंदवले. पुढे चौदा इलेक्ट्रोडचे, बिनतारी आणि टोपीसारखे घालता येणारे उपकरण आल्यावर एडिंबरोत पीटर अॅस्पिनॉल आणि सहकाऱ्यांनी बारा जणांना प्रत्यक्ष रस्त्यावर चालवले. खरेदीच्या पेठेतून हिरवळीच्या भागात आणि तेथून गजबजलेल्या व्यापारी रस्त्यावर जाताना त्यांच्या मेंदूच्या नोंदींत बदल दिसले. चालताना मानेच्या स्नायूंचे विद्युत् संकेत मेंदूच्या लहरींत मिसळतात आणि बारा ही संख्या लहान आहे, म्हणून असे निष्कर्ष सावधपणे घ्यावे लागतात. पण अशा साध्या उपकरणांमुळेच, ज्यांच्यापर्यंत कोणतीही प्रयोगशाळा पोहोचली नव्हती अशा माणसांची नोंद घेणे शक्य झाले. तामिळनाडूत खेड्यांतल्या आणि शहरांतल्या लोकांपर्यंत ही यंत्रे नेऊन केलेल्या अभ्यासात अल्फा लहरींची तीव्रता माणसागणिक खूप बदलते आणि ती उत्पन्न, प्रवास, फोनचा वापर यांच्याशी निगडित दिसते, असे आढळले. यात कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे केवळ अशा नोंदींवरून ठरत नाही. मात्र ‘सामान्य’ माणसाच्या मेंदूची जी चित्रे ग्रंथांत छापली गेली, ती बहुतांशी युरोप-अमेरिकेतल्या रुग्णालयांत आणि विद्यापीठांत आलेल्या माणसांची आहेत, आणि विजेशिवाय वाढलेल्या, गावाबाहेर क्वचितच गेलेल्या शेतमजूर स्त्रीच्या आलेखाची तुलना त्यांच्याशी करताना वैद्याला आधी ते चित्र कोणाचे आहे हे विचारावे लागते.