कावीळ, ऊन आणि एका परिचारिकेची दृष्टि

१९५६ हें साल उच्चारतांच आमच्या विद्यार्थ्यांना सुएझचा कालवा आठवतो, मराठी माणसाला संयुक्त महाराष्ट्राचा लढा आठवतो. त्याच सालीं एका रुग्णालयाच्या अंगणांत घडलेली एक लहानशी घटना मात्र इतिहासाच्या पुस्तकांत सहसा आढळत नाहीं. तिच्याकडे वाचकांचें लक्ष वेधावें, एवढाच आमचा हेतु आहे.

जन्मानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं अनेक अर्भकांची कांति पिवळी पडते. रक्तांतील तांबड्या पेशी मोडून बिलिरुबिन नांवाचें पिवळें द्रव्य निर्माण होतें, आणि नवजाताचें अपक्व यकृत तें पुरेशा त्वरेनें बाहेर टाकूं शकत नाहीं. बहुधा ही कावीळ आपोआप ओसरते. परंतु तें द्रव्य फार वाढल्यास मेंदूंत शिरतें, आणि मृत्यु, बहिरेपण किंवा आजन्म पंगुत्व ओढवतें. त्या काळीं अशा मुलाचें रक्त काढून दुसरें भरणें, हाच काय तो वैद्यांचा भरंवशाचा उपाय होता.

इंग्लंडांतील एसेक्स परगण्यांत, रॉचफर्ड येथील रुग्णालयांत, अपुऱ्या दिवसांच्या मुलांची व्यवस्था जीन वॉर्ड नांवाच्या परिचारिकेकडे होती. मुलांना मोकळी हवा व ऊन मानवतें, अशी या बाईंची श्रद्धा. म्हणून त्या त्यांना अंगणांत नेत. उन्हाळ्यांतील एके दिवशीं त्यांनीं एक मूल उघडें करून डॉक्टरांना दाखविलें. त्याचें अंग फिकट झालें होतें. केवळ चादरीच्या कोपऱ्यानें झांकलेला त्रिकोणी भाग गर्द पिवळा होता. डॉक्टरांना वाटलें, कांहीं औषध फासलें असावें! बाईंनीं सांगितलें कीं, ही कावीळच आहे. बाकीची उडून गेली.

पुढें उन्हांत राहिलेल्या रक्ताच्या नळींतही बिलिरुबिन घटलेलें आढळलें, आणि शोधाला दिशा मिळाली. १९५८ सालीं क्रेमर, पेरिमन व रिचर्ड्स यांनीं ‘लॅन्सेट’मध्यें प्रकाशोपचारावर निबंध प्रसिद्ध केला. लेखकांच्या नामावळींत बाईंचें नांव नाहीं; परंतु आज निळ्या दिव्याखालीं डोळे झांकून निजलेलें प्रत्येक मूल त्यांचें ऋणी आहे.

यावरून कोणी तान्ह्या मुलाला घरच्या उन्हांत ठेवून निर्धास्त राहूं नये. ऊन मापून देतां येत नाहीं. पहिल्या चोवीस तासांत दिसलेली कावीळ, तळपायांपर्यंत उतरलेली कावीळ, किंवा मूल सुस्त होऊन दूध सोडूं लागलें तर ती कावीळ, तत्काळ डॉक्टरांना दाखविली पाहिजे. बाईंपासून घ्यावयाचा धडा निराळा आहे : मूल उजेडांत आणावें, उघडें करावें, आणि नीट पाहावें.