शिफ्टची वेळ, आसनाची वेळ



नोकरी करणाऱ्या बाईने रोज अर्धा तास योगासनं करावीत, असं सांगणारे लेख दर जूनमध्ये रतीब घातल्यासारखे येतात. फायदे आपल्याला पाठ आहेत. मला कुतूहल वेगळंच होतं. बायकांना आसनं शिकवावीत हे आपल्याकडे आधी कुणी मनावर घेतलं, आणि शिकवताना तिच्या दिवसाचा विचार कुणी केला का?

उत्तरासाठी फार लांब जावं लागत नाही. चिंचवडहून लोकलमध्ये बसलं की शेवटचं स्टेशन लोणावळा. तिथे १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे यांनी, कैवल्यधाम स्थापन केलं. त्याआधी बडोद्याच्या रुग्णालयात त्यांनी उड्डियान आणि नौली करताना पोटात काय घडतं ते एक्स-रे लावून तपासलं होतं. योग म्हणजे गुहेतली गूढ विद्या नव्हे, तो मोजून पाहता येतो, हे त्यांनी दाखवलं. 'योगमीमांसा' हे त्रैमासिकही त्याच वर्षी निघालं.

पण बाईसाठी म्हणून लिहिलं ते एका बाईनेच. योगेंद्रजींनी १९१८ साली मुंबईत वर्सोव्याला योग संस्था काढली. १९२७ मध्ये सीतादेवींशी त्यांचं लग्न झालं आणि १९३४ मध्ये सीतादेवींचं स्त्रियांच्या योगशिक्षणावरचं पुस्तक आलं. व्यायाम म्हणजे तालीम आणि तालीम म्हणजे पुरुष, असा तो काळ.

पुण्याची गोष्ट आणखी गमतीची. १९३६ च्या सुमारास कृष्णमाचार्य शिष्यांसह कर्नाटकात फिरत होते. तिथल्या स्त्रियांनी आम्हालाही शिकवा म्हटलं. गुरूंनी त्यांच्याकडे पाठवलं ते वयाने लहान असलेल्या अय्यंगारांना, कारण पोरगेल्या मुलासमोर बायकांना संकोच वाटणार नव्हता! हेच बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यात आले आणि इथलेच झाले. १९७५ साली उघडलेल्या त्यांच्या संस्थेला दिवंगत पत्नीचं, रमामणींचं, नाव आहे. त्यांची मुलगी गीता लहानपणी मूत्रपिंडाच्या दुखण्याने बेजार होती. ती आसनांकडे वळली आणि पुढे मोठी शिक्षिका झाली. तिचं 'योगा: अ जेम फॉर विमेन' हे पुस्तक १९८३ चं. मासिक पाळी, गरोदरपण, पाळी थांबण्याचा काळ या प्रत्येक वेळी काय करावं आणि काय टाळावं, हे तिने खुलेपणाने लिहिलं. पाळीच्या दिवसांत शीर्षासन-सर्वांगासन नको, लोड-उशांचा आधार घेऊन विसावा देणारी आसनं करा, हे तिचं सांगणं आज गल्लोगल्लीच्या वर्गांत ऐकू येतं. सांगणाऱ्याला नाव मात्र बहुधा ठाऊक नसतं.

आता आपल्या पट्ट्याकडे येते. पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि मग शेतांच्या जागी शेड उभ्या राहिल्या. शिफ्टचं घड्याळ पुरुषांच्या हिशेबाने लागलं. १९४८ च्या कारखाना कायद्यानुसार बाईला रात्री कामावर ठेवता येत नव्हतं. सत्तरच्या दशकात सुधा कुलकर्णी (पुढे मूर्ती) टेल्कोत इंजिनिअर म्हणून लागल्या, ती बातमी व्हावी इतकं ते नवल होतं. मी लग्न होऊन चिंचवडला आले ते १९८२ साल, त्याच वर्षी आपली महानगरपालिका झाली. कंपनीचा भोंगा झाला की कुठल्या घरात कुकर लागणार हे आम्ही सांगू शकायचो. नोकरी पुरुषाची आणि शिफ्ट सगळ्या घराची.

आज चाकणच्या बसमध्ये मुली आहेत, असेंब्ली लाइनवर मुली आहेत. आठ तास उभं राहून पाय सुजतात, संगणकापुढे बसणारीची मान आणि कंबर धरते. योगाचा उपयोग इथे खरोखर आहे. जुनाट कंबरदुखीवर गोळ्यांच्या आधी जे उपाय करून पाहावेत, त्यांत अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ साली योगाचाही समावेश केला. भिंतीला पाय टेकवून दहा मिनिटं पडलं तर सुजलेल्या पायांना आराम मिळतो. मधुमेह, थायरॉईड मुळापासून जाईल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, औषध चालूच ठेवा. रक्तदाब असेल किंवा दिवस गेले असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उलटं होऊ नका.

अडतं ते वेळेवर. मी कॉमर्सची, म्हणून आकडे सांगते. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईचे त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं गेलेले दिसले, तर घरकाम करणाऱ्या पुरुषाचे ९७. या खात्यातून तीस मिनिटं काढायची तर ती दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर टाकावी लागतात. बाई ती आपल्या झोपेतून काढते, म्हणून पंधरा दिवसांत आसनं सुटतात. याला आळस म्हणणं मला मान्य नाही.

आपल्या सामायिकाचं पाहा. दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटं. तेवढ्या वेळात दूध उतू गेलं तरी घरचे आसनावरच्या बाईला उठवत नाहीत, कारण ती वेळ धर्माची. योगासनाच्या सतरंजीवर बसलेल्या सुनेला मात्र, "अगं, मीठ कुठंय?" असं खुशाल विचारतात. आणि आसनं काही आपल्याला परकी नाहीत. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राचार्यांच्या 'योगशास्त्रा'त वीरासन, पद्मासन, कायोत्सर्ग आहेत, तसंच गाय दोहताना बसावं तसं गोदोहिकासनही आहे. भगवान महावीरांना केवलज्ञान झालं ते याच आसनात, असं आपली परंपरा सांगते.

आमच्या सूनबाईंची बस सव्वासहाला असते. पाच ते साडेपाच ती आतल्या खोलीत दार लावून असते. तेवढ्या वेळात भाजी मी फोडणीला घालते आणि पोळ्या हे लाटतात. सत्तरीला आलेल्या माणसाच्या पोळ्यांचे नकाशे होतात खरे, पण घडी घालून डब्यात ठेवल्या की कळत नाही.