अडीचकीचा हिशेब

गुळाचा भाव मणाला ८ रुपये असेल, तर अडीच शेर गुळाचे ८ आणे. भाव ११ रुपयांवर गेला, तर अडीच शेरांचे ११ आणे. मणाचे शेर ४० आणि रुपयाचे आणे १६. चाळीसला सोळाने भागले की अडीच येतात. पेठेतल्या दुकानदाराला हा भागाकार मांडावा लागत नसे, कारण अडीचकी, म्हणजे अडीचचा पाढा, त्याच्या जिभेवर होती. गिऱ्हाइकाने साडेसात शेर मागितले, की ते तीन अडीच झाले. तीन वेळा आठ आणे म्हणजे दीड रुपया. तराजू स्थिर होण्याआधी हिशेब तयार असे.

जुन्या मराठी शाळांत पाढे दहावर थांबत नव्हते. वीस, तीसपर्यंतचे पाढे झाले, की अपूर्णांकांचे पाढे सुरू होत: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि शेवटी साडेतीनची औटकी. आज ही यादी ऐकून पालकांना स्मरणशक्तीची कसरत आठवते. पण त्या काळच्या व्यवहारात यातला एकही पाढा शोभेचा नव्हता. रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे. शेराचे ४ पावशेर आणि १६ छटाक. धान्य मापायचे तर ४ शेरांची पायली, १२ पायल्यांचा मण आणि २० मणांची खंडी. चाराने आणि सोळाने चालणाऱ्या बाजारात पाव, अर्धा, पाऊण पावलोपावली येणारच. त्यात मापे गावोगाव बदलत. अशा जगात पाऊणकी न येणारा माणूस दुसऱ्याने सांगितलेल्या रकमेवर मुकाट्याने पैसे मोजत असे.

ही मोजणी फार जुनी आहे. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये 'सिद्धान्तशिरोमणी' रचला. त्यातल्या 'लीलावती'च्या आरंभीच नाण्यांचे कोष्टक येते: २० वराटकांची काकिणी, ४ काकिणींचा पण, १६ पणांचा द्रम्म, १६ द्रम्मांचा निष्क. चार आणि सोळा तिथेही आहेत. त्यांचा नातू चांगदेव याने चाळीसगावजवळच्या पाटण येथे आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला. त्याचा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला.

मोठ्या संख्यांच्या गुणाकाराबद्दल 'लीलावती' जे सांगते, ते प्रत्येक शिक्षकाने एकदा तरी पाहावे. उदाहरण आहे १३५ गुणिले १२. भास्कराचार्य एकच रीत देऊन थांबत नाहीत. बाराची फोड आठ आणि चार अशी करा: १०८० आणि ५४०, मिळून १६२०. बारा म्हणजे तीन चोक, म्हणून आधी तिप्पट ४०५ आणि मग त्याची चौपट, पुन्हा १६२०. दहापट १३५० आणि दुप्पट २७० घेतली तरी तेच. किंवा सोयीची संख्या धरा, वीस. वीसपट २७०० मधून आठपट १०८० वजा करा. चार वाटा, उत्तर एक. विद्यार्थ्याने संख्येकडे बघून वाट निवडायची.

ही निवड पंतोजींच्या शाळेत फारशी उरली नाही, आणि ही मोठी हानी होती असे म्हणावे लागते. शाळा देवळात, ओसरीवर किंवा पंतोजींच्याच घरी भरे. धुळपाटीवर काडीने अंक गिरवायचे, थोरल्या मुलाने पाढा सांगायचा आणि बाकीच्यांनी एका सुरात मागून म्हणायचा. संध्याकाळी दिवेलागणीला घरी परवचा होई. त्यात स्तोत्रांच्या पाठोपाठ तिथी, वार, नक्षत्रे आणि पाढे येत. शाळेत पाढा चुकला की छडी, नाहीतर अंगठे धरून उभे राहणे. त्या शिक्षेचे गोडवे गाण्याचे कारण नाही.

मात्र त्या सुरात एक खरी करामत होती. शंभरीच्या पुढे गेल्यावरही ताल मोडू नये, अशी उत्तरे घडवलेली होती. पंधरा साते पाचोदरसे, पंधरा आठे विसासे, पंधरा नवे पस्तीसासे. 'एकशे पस्तीस' म्हणताना जीभ जिथे रेंगाळते, तिथे हे रूप सरळ पुढे सरकते. मोठे पाढे पिढ्यान्‌पिढ्या टिकले, त्यात या तालाचा वाटा मोठा आहे.

१८२१ मध्ये मुंबई सरकारच्या कौन्सिलातील प्रेंडरगास्ट यांनी नोंदवले, की इथला साधा शेतकरी आणि किरकोळ व्यापारीही आपला हिशेब इंग्लंडमधल्या तशाच थरातल्या लोकांपेक्षा अचूक ठेवतो. हे कौतुक जपून वाचायला हवे. शाळांत बसणारी मुले प्रामुख्याने ब्राह्मण, प्रभू, वाणी, सोनार अशा घरांतली होती. मुली जवळपास नव्हत्याच. अस्पृश्य मानलेल्या जातींना दार बंद होते. दिडकी येणारा सावकार आणि न येणारे कूळ समोरासमोर बसले, की व्याजाचा आकडा कोण सांगणार हे ठरलेलेच. जोतीराव फुल्यांनी हे नेमके ओळखले होते. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षणात मोडी आणि बाळबोध वाचन-लेखनाबरोबर हिशेबही मागितला, शेतीची प्राथमिक माहितीही मागितली. पुढच्याच वर्षी लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये निरक्षर शेतकऱ्याची कागदोपत्री होणारी लूट त्यांनी तपशिलाने मांडली.

१ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे १०० नवे पैसे झाले. पाठोपाठ किलो आणि लिटर आले. काही वर्षांतच पावकी-अडीचकीचे बाजारातले काम संपले. बोलण्यात चार आणे, आठ आणे राहिले. २५ पैशांचे नाणे तर ३० जून २०११ पासून चलनातूनच गेले. बाजारात, जत्रेत मिळणाऱ्या अंकलिपीत मात्र हे पाढे पुढे बराच काळ छापले जात होते.

तीसपर्यंतचे पूर्णांकांचे पाढे टिकले आणि त्यांच्याशी मुलांची झटापटही टिकली. तिची एक बाजू २०१९ साली अचानक चर्चेत आली. दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात बालभारतीने एकवीस ते नव्व्याण्णव या संख्या 'वीस एक', 'वीस दोन' अशाही वाचायला दिल्या. गणित समितीच्या तेव्हाच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांचे म्हणणे असे होते, की जोडाक्षरांनी भरलेली ही नावे लहान मुलांना जड जातात आणि त्यात एककाचा अंक आधी ऐकू येतो. विधिमंडळापर्यंत वाद गेला, थट्टाही झाली. पण सतराच्या पाढ्यात 'त्रेपन्नासे'पाशी अडखळणारे मूल ज्यांनी जवळून पाहिले आहे, त्यांना नारळीकरांचा मुद्दा पटण्यासारखा आहे. मुलाला गुणाकार येतो, उत्तराचे नाव सापडत नाही.

चांगले शिक्षक आज मोठे पाढे फोड करूनच शिकवतात. सतरा आठे अडले, तर दहा आठे ऐंशी आणि सात आठे छप्पन्न, मिळून १३६. एकोणीसच्या पाढ्यात एककस्थानी नऊपासून शून्यापर्यंत उतरते अंक आणि त्यांच्या डावीकडे एकपासून एकोणीसपर्यंतच्या विषम संख्या लिहिल्या, की १९, ३८, ५७ पासून १९० पर्यंत पाढा कागदावर उभा राहतो. तो तसा का येतो हे विचारले, की मुले वीसच्या पाढ्यातून एक, दोन, तीन असे वजा करत कारण स्वतःच शोधतात. एकोणतीसचेही तसेच. तीस साते २१०, त्यातून सात गेले, २०३. आधी ही वजाबाकी, मग तालावर पाठांतर, या क्रमाने गेले तर पाठ केलेला पाढा विसरला तरी मुलाला तो पुन्हा उभा करता येतो.