इंजिन ‘गरम करणे’ : एका प्रघाताचा इतिहास

मोटारीचे इंजिन सुरू केल्यावर ते काही मिनिटे जागच्या जागी फिरू द्यावे, आणि प्रवास संपल्यावरही लगेच बंद न करता थोडा वेळ चालू ठेवावे, म्हणजे त्याची झीज कमी होते, अशी समजूत सर्वत्र आढळते. हे दोन्ही प्रघात एकाच उपदेशाचे दोन भाग मानले जातात. वस्तुतः त्यांचा उगम एक नव्हे आणि काळही एक नव्हे. पहिला प्रघात कार्ब्युरेटरच्या युगातील आहे. दुसरा, निदान खाजगी मोटारीपुरता, टर्बोचार्जरनंतरचा.

पहिल्या प्रघाताला सबळ कारणे होती. कार्ब्युरेटरमधून येणाऱ्या पेट्रोलचे थंड धातूच्या सान्निध्यात पुरते बाष्पीभवन होत नाही. त्यामुळे चोक ओढून हवा कमी करावी लागे व मिश्रणात पेट्रोल वाढवावे लागे. अशा स्थितीत गाडी पुढे काढली, तर ती गचके खाऊन बंद पडे. तेलाचीही अडचण होती. अमेरिकेत १९११ पासून इंजिनतेलांची दाटपणानुसार प्रतवारी होऊ लागली. परंतु एकाच प्रतीचे तेल कडाक्याच्या थंडीत घट्ट होई आणि दूरच्या बेअरिंगपर्यंत पोहोचण्यास वेळ घेई. सारांश, थोडे थांबल्यावाचून गाडी नीट चालत नसे. मात्र गाडी नीट चालणे आणि इंजिन कमी झिजणे या दोन भिन्न गोष्टी होत. चालकांनी पहिलीचा अनुभव घेतला आणि त्यावरून दुसरीचे अनुमान काढले.

या अनुमानाची कसोटी १९३० च्या दशकात इंग्लंडमध्ये लागली. तेथील इन्स्टिट्यूशन ऑफ ऑटोमोबाइल इंजिनिअर्सने सिलिंडरच्या झिजेवर पद्धतशीर प्रयोग करविले. सी. जी. विल्यम्स यांनी त्यांचे निष्कर्ष संकलित केले व ते १९४० मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. तोपर्यंत झीज म्हणजे घर्षण, असेच सामान्यतः गृहीत धरले जाई. या प्रयोगांनी गंजाकडे लक्ष वेधले. एक लिटर पेट्रोल जळले, की स्थूलमानाने एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने निर्माण होते. भिंत पुरेशी तापलेली असेल, तर ही वाफ धुराबरोबर निघून जाते. भिंत थंड असेल, तर ती तेथेच द्रवरूप होते, ज्वलनातील आम्लद्रव्ये तिच्यात विरघळतात, आणि पिस्टनच्या कड्या तो गंजलेला थर प्रत्येक फेरीत खरवडून नेतात. शिवाय न जळलेले जादा पेट्रोल भिंतीवरील तेलाचा पातळ थर धुऊन टाकते, ते निराळेच.

या संशोधनाचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. झीज थंडपणामुळे होते, हे त्याने सिद्ध केले. पण म्हणून इंजिन उभ्या गाडीत तापवावे, असे त्यातून निघत नाही. नुसते फिरणारे इंजिन फार थोडे इंधन जाळते, म्हणून फार थोडी उष्णता निर्माण करते. परिणामी घातक थंड अवस्था लांबते. हलक्या भारावर गाडी चालविली, तर ती अवस्था लवकर सरते. जो पुरावा प्रघाताच्या बाजूचा म्हणून सांगितला जातो, तोच त्याच्या विरुद्ध जातो. ‘गरम’ हा शब्दही येथे फसवा आहे. काटा पाण्याचे तापमान दाखवितो. तेल त्याच्या बरेच मागून तापते, आणि गियरपेटी व चाकांची बेअरिंगे तर गाडी चालल्याशिवाय तापतच नाहीत.

शीतप्रदेशात यावर वेगळा तोडगा निघाला. नॉर्थ डकोटातील अँड्र्यू फ्रीमन यांनी १९४९ मध्ये इंजिनाच्या बोल्टमध्ये बसणाऱ्या विजेच्या तापकाचे पेटंट मिळविले. त्यायोगे इंजिन न चालविताच तापविता येऊ लागले. पुढे बहुश्रेणी तेले, क्रोमियमचा मुलामा दिलेल्या कड्या व आम्लनाशक द्रव्ये मिसळलेली तेले आली. १९६७ पासून फोक्सवॅगनसारख्या मोटारींत इलेक्ट्रॉनिक इंधनफवारणी दिसू लागली, आणि चोक ओढण्याचे कारणच उरले नाही. जर्मनीच्या वाहतूक नियमांत तर इंजिन निष्कारण चालू ठेवण्यास मनाई आहे.

मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या फियाट आणि पद्मिनी गाड्यांमुळे चोकची सवय दीर्घकाळ टिकली. तेथील हवेत तेल गोठण्याचा प्रश्न नव्हता. सकाळची ती मिनिटे कार्ब्युरेटरच्या लहरीसाठी होती. शेवटच्या पद्मिनी टॅक्सी २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या. सवय मात्र चोक नसलेल्या गाड्यांतही चालू आहे.

दुसऱ्या प्रघाताचे मूळ याहून स्पष्ट आहे. टर्बोचार्जरचे चाक धुराच्या झोताने फिरते आणि त्याचा आस तेलावर तरंगतो. चढावर किंवा भरवेगात जोराने चालविलेले इंजिन एकाएकी बंद केले, की तेलाचा प्रवाह थांबतो. तापलेल्या बेअरिंगमध्ये अडकलेले तेल करपून त्याचा कोळसा होतो. अवजड डिझेल वाहनांच्या चालकांना काही मिनिटे थांबण्याची सूचना याचसाठी दिली जात असे. १९७३ ची बीएमडब्ल्यू २००२ टर्बो आणि त्यामागून आलेली साबची ९९ टर्बो यांच्या काळात तीच काळजी खाजगी मोटारींतही आली. टर्बो नसलेल्या साध्या पेट्रोल इंजिनाला या थांबण्याचा लाभ नाही. टर्बो असला, तरी शेवटचे एक-दोन किलोमीटर संथपणे चालविल्यास तेच कार्य साधते. पुढे बेअरिंगभोवती पाणी खेळविण्याची योजना रूढ झाली. आजच्या कित्येक मोटारींत तर किल्ली काढल्यानंतरही विजेचा पंप ते पाणी काही वेळ फिरवीत राहतो.