जुन्नरच्या कारागिरांची पाटी कुठे आहे?

ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी भागात ब्रोकन हिल हे खाणींचं गाव आहे. १८८३ मध्ये तिथे चांदी-शिशाचा साठा सापडला आणि ओसाड माळावर वस्ती उभी राहिली. अशा गावात १९०४ पासून सार्वजनिक कलादालन आहे. खाणीत राबलेला प्रो हार्ट (१९२८-२००६) पुढे नामांकित चित्रकार झाला. त्याच्या नावाचं दालन गावात आहे. माल वाहणाऱ्या अफगाण आणि हिंदुस्थानी उंटवाल्यांची पत्र्याची छोटी मशीदही गावाने संग्रहालय म्हणून जपली आहे.

हे वाचताना मला आपलं जुन्नर आठवत राहिलं. आंबेगावातलं मंचर, मग नारायणगाव मागे टाकून जुन्नरला पोचलं, की अख्खा परिसरच दालन वाटतो. मी लेण्याद्री, मानमोडी, शिवनेरीची लेणी पाहत हिंडलो आहे. इथल्या ब्राह्मी लेखांत दात्यांची नावं आहेत. ईरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली, चिट नावाच्या यवनाने भोजनमंडप. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीनेही लेणं दिलं. पण छिन्नी चालवणाऱ्याचं नाव मला कुठे दिसलं नाही.

हापूसबागेत सौदागर घुमट आहे. लोक त्याला हबशी घुमट म्हणतात. भिंतींवरचे कमानीदार कोनाडे पाहताना पाय निघत नाही. गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी काही काळ निजामशाहीची राजधानी जुन्नरला ठेवली होती, हे आपल्याला माहीत असतं. या कोनाड्यांचे दगड घडवणारा मात्र इथेही निनावी.

आणि तिसरी कला तर डोळ्यांना दिसतच नाही. जुन्नरचे मुसलमान कागदी हाताने कागद बनवत. लगदा कुटायचा, धुवायचा, चाळणीवर ताव उचलायचा, वाळवायचा, खळ लावून दगडाने घोटायचा. त्या चिवट कागदावर मराठी दप्तरं आणि सावकारांच्या चोपड्या लिहिल्या गेल्या. इतिहासाचे अभ्यासक आज ती अक्षरं वाचतात. अक्षरांखालचा कागद कोणाच्या हातचा, हे क्वचितच कोणी विचारतं. गिरण्यांचा स्वस्त कागद आला आणि हा धंदा बसला.

महाराष्ट्रातल्या मुसलमानांचा इतिहास म्हटला की सुलतान, लढाया आणि तलवारी एवढंच पुढे येतं. आपली मुलंही तेवढंच ऐकत मोठी होतात. त्यांच्यातल्या कित्येकांचे पूर्वज विणकर, पिंजारी, कागदी होते. या घरांनी मराठी मुलुखाला काय दिलं, हे त्यांना शाळेच्या सहलीत कळायला हवं.

त्यासाठी मोठी इमारत लागत नाही. जुन्नरमध्ये एक खोली पुरे. तिथे काचेखाली जुना जुन्नरी ताव ठेवावा, शेजारी कागद घोटायचा दगड ठेवावा आणि खाली लिहावं: ‘जुन्नरच्या कागदी मंडळींचं काम’. एकेकट्याची नावं हाती लागणार नाहीत, पण जमातीचं नाव तरी लागेल.