थट्टेसाठी मांडलेले जग

मॉस्कोच्या राज्य यिद्दिश नाट्यगृहाची हकिगत बहुतेक वेळा तिच्या शेवटापासून सांगितली जाते. १९४८च्या जानेवारीत या मंडळीचा प्रमुख नट आणि दिग्दर्शक सोलोमन मिखोएल्स याचा मिन्स्कमध्ये खून झाला आणि त्याला अपघाताचे रूप देण्यात आले. १९४९ मध्ये नाट्यगृहाला टाळे लागले. १९५२ मध्ये मिखोएल्सचा रंगमंचावरचा जोडीदार वेनियामिन झुस्किन याला गोळी घालण्यात आली. हा शेवट इतका भयंकर आहे की त्याआधीची तीस वर्षे त्याच्या सावलीत झाकून जातात आणि सत्तेने गळा घोटलेली कला एवढेच चित्र मनात उरते. पण ही मंडळी उभी केली होती याच सत्तेने. जागा तिने दिली, पैसा तिने पुरवला, आणि बदल्यात एक काम नेमून दिले: पूर्व युरोपातल्या ज्यूंचे जुने, धर्माने बांधलेले आयुष्य हास्यास्पद ठरवून त्याला निरोप देण्याचे. त्या कामातूनच हे नाट्यगृह त्या आयुष्याचे शेवटचे भांडार बनले. आतल्या कुणी छुपे बंड केले म्हणून हे घडले असे मला वाटत नाही. नाटकाच्या स्वभावातच ते आहे. ज्याची थट्टा करायची ते आधी देहाने, आवाजाने, हातवाऱ्यांनी रंगमंचावर उभे करावे लागते. आणि एकदा ते उभे राहिले की प्रेक्षक त्याच्याकडे कोणत्या भावनेने पाहील, यावर कोणाही कमिसाराची हुकमत चालत नाही.

सत्तेने हे ओझे अंगावर का घेतले, हे आधी समजून घ्यायला हवे. अब्राहम गोल्डफाडेन याने १८७६ मध्ये रुमानियातल्या यास शहरात यिद्दिश व्यावसायिक रंगभूमीचा पाया घातला. त्यानंतर सातच वर्षांत, १८८३ मध्ये, झारच्या सरकारने साम्राज्यात यिद्दिश नाटकांवर बंदी घातली. मंडळ्या जर्मन नाटकाचे नाव पुढे करून खेळ लावत, नाहीतर लंडन-न्यू यॉर्कची वाट धरत. क्रांतीनंतर चित्र पालटले. बोल्शेविकांना प्रत्येक लोकसमूहापर्यंत त्याच्याच भाषेतून पोचायचे होते, आणि १९२६च्या जनगणनेत सोव्हिएत ज्यूंपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक लोकांनी यिद्दिश हीच मातृभाषा सांगितली होती. हिब्रू ही धर्मपीठाची आणि झायोनिस्टांची भाषा ठरवून बाजूला सारली गेली. यिद्दिश ही कष्टकऱ्यांची म्हणून तिला राजाश्रय मिळाला. १९१९ मध्ये पेट्रोग्राडला अलेक्सेई ग्रानोव्स्कीच्या हाताखाली एक नाट्यशाळा सुरू झाली. ग्रानोव्स्की जर्मनीत माक्स राइनहार्टकडे शिकून आलेला. युरोपीय नाट्यतंत्रात मुरलेला, पण यिद्दिश त्याला धड बोलता येत नव्हती. ज्या नव्या ज्यू माणसाची सत्तेला अपेक्षा होती, त्याचा तो जवळजवळ नमुनाच होता. जुन्या जगाची ओढ म्हणून त्याने काही जपले असेल, असा संशयही घेता येत नाही.

१९२०च्या अखेरीस मंडळी मॉस्कोला आली. एका व्यापाऱ्याच्या जप्त केलेल्या घरात तिला नव्वद आसनांचे छोटे प्रेक्षागृह मिळाले आणि त्याच्या भिंती रंगवायला मार्क शागाल आला. काही आठवड्यांत त्याने भिंती आणि छत भरून टाकले. १ जानेवारी १९२१ रोजी यिद्दिश लेखक शोलेम अलेईखेमच्या एकांकिकांनी पडदा उघडला तेव्हा प्रेक्षक चित्राच्या पेटीतच बसले होते. एका भिंतीवर सुमारे आठ मीटर लांबीचे चित्र, त्यात ग्रानोव्स्की, मिखोएल्स, बकऱ्या, उलटे झालेले कसरतपटू, असा नव्या रंगभूमीचा उत्सव. पण समोरच्या बाजूला खिडक्यांच्या मधल्या चार चित्रांकडे नीट पाहावे. संगीत, नृत्य, नाट्य आणि साहित्य या चार कलांची ती रूपे आहेत. संगीत म्हणजे लग्नात वाजवणारा क्लेझमर व्हायोलिनवाला, नृत्य म्हणजे लग्नात नाचणारी बाई, नाट्य म्हणजे लग्नातला बदखन, जो नवरीला आधी रडवतो आणि मग वऱ्हाडाला हसवतो, आणि साहित्य म्हणजे तोराची पोथी लिहिणारा लेखनिक. या चौघांच्या वर लग्नाच्या मेजवानीचे मेज लांबच लांब पसरलेले. क्रांतीच्या रंगभूमीला शागालने तिची वंशावळ चितारून दिली होती, आणि त्या वंशावळीत जे जे होते ते ते मोडीत काढण्यासाठीच तर नाट्यगृह उघडले होते. ग्रानोव्स्कीने ती चित्रे पुसली नाहीत. पुसणे शक्यही नव्हते, कारण त्याच्या नटांचा अभिनय त्याच मातीतून येत होता.

याचा पुरावा नाटकांतच आहे. १९२२ मध्ये मलाया ब्रोन्नाया रस्त्यावरच्या सुमारे पाचशे आसनांच्या नव्या जागेत मंडळीने गोल्डफाडेनचे ‘चेटकीण’ केले. मूळ नाटक भाबडे, गाण्यांनी भरलेले. ग्रानोव्स्कीने ते शिड्या आणि मचाणांवर चढवून जुन्या यिद्दिश रंगभूमीचेच विडंबन करून टाकले. मात्र विडंबनासाठी संगीतकार योसेफ आख्रोनला तिथे गोल्डफाडेनच्याच चालींचे संगीत बांधावे लागले आणि झुस्किनला चेटकिणीची ती जुनी लकब अंगात भिनवावी लागली. १९२५ मध्ये यिद्दिश लेखक पेरेत्झच्या ‘जुन्या बाजारातील रात्र’ या नाटकावर आधारलेला प्रयोग आला. बाजाराच्या शेजारची स्मशानभूमी, थडग्यांतून उठणारे मृत, आणि त्यांच्यामध्ये मिखोएल्स आणि झुस्किन हे दोन बदखन. समीक्षकांनी त्याचा अर्थ शेत्तल, म्हणजे ज्यूंचे ते छोटे गाव, मेलेले आहे असा लावला. सरकारी अर्थही तोच होता. पण मेलेल्यांना दोन तास नाचायला लावणारा खेळ पाहून घरी जाणाऱ्या प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर काय राहत असेल? १९२७च्या ‘बेंजामिन तिसऱ्याचा प्रवास’ या मेंडेलेच्या कथेवरच्या नाटकात तर थट्टेची धार उरलीच नाही. मिखोएल्सचा बेंजामिन आणि झुस्किनचा सेंडर्ल हे दोन गावठी स्वप्नाळू वचनभूमी शोधायला निघतात आणि फिरून आपल्याच गावी येतात. आणि प्रेक्षकाला त्यांच्यावर माया जडते.

मराठी वाचकाला ही गोष्ट परकी वाटायला नको. एकनाथांनी भारुडांत जोशी, वासुदेव, गोंधळी, भुत्या उभे केले ते त्यांच्या आधाराने परमार्थ सांगण्यासाठी. त्या उपासनांची कास सोडा, असाही सूर त्यात वाजतो. तरी सोळाव्या शतकातला गोंधळी कसा बोलत होता, जोशी दारात येऊन काय सांगत होता, हे जाणायला आज आपण त्या भारुडांकडेच वळतो.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: हे नाट्यगृह प्रचाराचे साधन होते, त्याला भांडार म्हणणे हा भाबडेपणा. आक्षेपात तथ्य आहे. या मंडळीने समाजवादी बांधकामाची निर्जीव नाटकेही केली, ‘एमेस’ या यिद्दिश वृत्तपत्राचा संपादक मोइशे लित्वाकोव्ह याच्या वैचारिक पहाऱ्याखाली केली, आणि रब्बींची कुचेष्टा करताना तिने हात आखडला नाही. ज्या माणसांच्या श्रद्धेची तिथे टिंगल झाली, त्यांच्या दुखावल्या मनाला भांडाराचा हिशेब पुरणार नाही, आणि तो पुरायला हवा असे म्हणण्याचा अधिकार इतिहास लिहिणाऱ्याला नाही. पण निवड कुठे होती, ते पाहावे. १९२८च्या युरोप दौऱ्यात ग्रानोव्स्की परत न येता पश्चिमेतच राहिला आणि सूत्रे मिखोएल्सकडे आली. १९३५ मध्ये सेर्गेई रादलोव्हच्या दिग्दर्शनाखाली ‘किंग लिअर’ झाले. बुटक्या, बिनदाढीच्या मिखोएल्सचा लिअर आणि झुस्किनचा विदूषक पाहून गॉर्डन क्रेगसारखा इंग्रज रंगकर्मी भारावला. शेत्तलशिवायही ही मंडळी जगातल्या कुठल्याही मंडळीच्या तोडीची आहे, हे त्या रात्री सिद्ध झाले. तरीही पुढच्या तीन वर्षांत ती ‘शुलामिस’ आणि ‘बार कोखबा’ या गोल्डफाडेनच्या विषयांकडे आणि शोलेम अलेईखेमच्या कथांतल्या तेव्येकडे परतली. तीसच्या दशकात सरकारी धोरणाने लोकवीरांच्या इतिहासाला मोकळीक दिली होती, हे खरे. पण दिलेल्या वाटेवर किती दूर चालायचे, हे नटांनी ठरवले.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. त्याच मॉस्कोत ‘हबिमा’ ही हिब्रू नाटकमंडळी होती. वाख्तांगोव्हने दिग्दर्शित केलेले तिचे ‘दिब्बुक’ १९२२ मध्ये कवी बियालिकच्या हिब्रू भाषांतरातून रंगले, सत्तेच्या ज्यू कार्यकर्त्यांनी तिचा पिच्छा पुरवला, आणि १९२६ मध्ये ती देश सोडून गेली. शेवटी तेल अवीवमध्ये स्थिरावून ती आजही उभी आहे. मग टिकण्याचा मार्ग तोच नव्हता का? मंडळी टिकण्याचा होता, यात शंका नाही. परंतु हबिमाची भाषा तिच्या मॉस्कोतल्या प्रेक्षकांपैकी फार थोड्यांची होती, आणि ती गेली तेव्हा मागे राहिलेले पंचवीस लाखांहून अधिक लोक तिच्याबरोबर जाणार नव्हते. त्यांच्या बोलीतले नाटक त्यांच्याच शहरात कुणीतरी करायला हवे होते. मिन्स्क, कीव्ह, खारकीव्ह, ओडेसा इथे यिद्दिश राज्य नाट्यगृहे उघडली. मॉस्कोचे नाट्यगृह त्या सगळ्यांचा मानदंड होते. मिखोएल्सने राहण्याची निवड केली ती १९४८ ठाऊक नसताना. आपल्याला ठाऊक असलेला शेवट त्याच्या १९२८च्या निर्णयावर लादणे अन्यायाचे आहे.

मग युद्ध आले. १९४१ मध्ये मंडळी ताश्कंदला हलली. १९४२ मध्ये मिखोएल्स ज्यू फॅसिस्टविरोधी समितीचा अध्यक्ष झाला. १९४३ मध्ये कवी इत्झिक फेफरसह तो अमेरिकेत गेला आणि न्यू यॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर सुमारे पन्नास हजारांच्या सभेपुढे बोलला. तो परतला तेव्हा युक्रेन आणि बेलारूसमधली ती गावे त्यांच्या माणसांसकट नाहीशी होत आली होती. १९४५च्या जुलैत मॉस्कोत ‘फ्रेइलेख्स’ आले. नाटक म्हणजे एक ज्यू लग्न, दुसरे फारसे काही नाही. तिश्लेरचे नेपथ्य, लेव्ह पुल्व्हरचे संगीत, झुस्किन बदखन. पंचवीस वर्षांपूर्वी शागालने खिडक्यांच्या मध्ये रंगवलेली सगळी माणसे आता रंगमंचावर होती, आणि त्यांना पाहायला आलेल्या अनेकांच्या घरचे असे लग्न करणारे कोणी उरले नव्हते. हसण्यासाठी गोळा केलेले सामान इथे शोकाच्या कामी आले. तेच हातवारे, त्याच चाली. १९४६ मध्ये या प्रयोगाला स्टालिन पारितोषिक मिळाले.

मंडळी संपवली गेली ती तिच्या नाटकांमुळे नव्हे, असे कोणी म्हणेल, आणि तेही बरेचसे बरोबर आहे. शीतयुद्ध, इस्रायलची स्थापना, समितीचे अमेरिकेतल्या ज्यूंशी असलेले संबंध, स्टालिनचा वाढता ज्यूद्वेष, ही कारणे मोठी होती. १९४८च्या १२ जानेवारीच्या रात्री मिखोएल्सला मारले ते समितीचा चेहरा म्हणून, आणि मग त्याच नाट्यगृहातून त्याची सरकारी इतमामात अंत्ययात्रा काढली. पण झुस्किनवरचे आरोप वाचावेत. समितीच्या राजकारणात त्याचा वाटा नगण्य होता. १९४८च्या डिसेंबरमध्ये त्याला इस्पितळातून उचलले, आणि खटल्यात त्याच्यावर ठेवलेला मुख्य दोष असा की ज्यूंची पुरातनता, शेत्तलमधल्या चालीरीती आणि तिथले रोजचे जगणे यांचा गौरव करणारी नाटके त्याने मिखोएल्सबरोबर सादर केली. १९१९ पासून सरकारी कागदांत हे नाट्यगृह नेमके त्याच्या उलट काम करत असल्याची नोंद होती. तपास अधिकाऱ्यांनी कागद सोडून प्रयोगांचा अर्थ लावला, आणि तो अचूक लावला. १२ ऑगस्ट १९५२ रोजी लुब्यांका तुरुंगात ज्या तेरा जणांना गोळ्या घातल्या, त्यांत झुस्किन होता.