नसबंदी आणि खच्चीकरण : एका जुन्या गैरसमजाचा इतिहास

मागच्या पोळ्यानंतरची गोष्ट. वाशिमजवळच्या एका खेड्यातला तिशीतला शेतकरी ताप दाखवायला आला आणि उठता उठता दुसरेच विचारून गेला. बायकोची दोन सिझर झाली होती, मुले पुरे होती. तिच्या पोटाला तिसऱ्यांदा हात लागू नये असे त्याला मनापासून वाटत होते. "साहेब, मी करून घेतलं असतं, पन गोऱ्हा खच्ची केला का त्याचा बैल होते. मानसाचं बी तसंच होत असन ना?"

बहुतेक पुरुष "कमजोरी येते" एवढेच म्हणून विषय संपवतात. यामागचे खरे कारण इतके स्पष्ट मला कोणी सांगितले नव्हते. आपला भाग बैलांचा. वळू आणि बैल यांच्यातला फरक ज्याने लहानपणापासून पाहिला आहे, त्याला ही शंका येणारच. (बैल काही कमजोर नसतो, शेतातले सगळ्यात जड काम तोच करतो, हे मी त्याला म्हणालो. पण त्याची भीती ताकदीची नव्हती, पुरुषपण जाण्याची होती.)

वृषण, म्हणजे अंडकोशातल्या दोन गोळ्या, दोन वेगवेगळी कामे करतात. आतल्या बारीक नळ्यांच्या गुंडाळ्यांत शुक्राणू तयार होतात. या नळ्यांच्या मधल्या जागेतल्या पेशी टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक बनवतात. दाढी-मिशा, आवाज, स्नायू, कामेच्छा हे सगळे त्याच्यावर चालते. एकाच घरात दोन धंदे, आणि मालाचे रस्तेही दोन. शुक्राणू शुक्रवाहिनी नावाच्या नळीतून जातात. संप्रेरक थेट रक्तात मिसळते.

हा दुसरा रस्ता माणसाला कळायला फार वेळ लागला. शुक्राणू सूक्ष्मदर्शकाखाली दिसले ते १६७७ मध्ये, हॉलंडच्या लेवेनहूकला. त्यानंतर जवळजवळ पावणेदोनशे वर्षांनी, १८४९ मध्ये, जर्मनीतल्या गॉटिंगेनमध्ये बर्थोल्ड नावाच्या प्राध्यापकाने कोंबड्यांवर एक साधा प्रयोग केला. त्याने सहा नर पिल्लांचे वृषण काढले. नुसते वृषण काढलेल्यांचा तुरा वाढला नाही, ते आरवेनात, भांडेनात. इतरांच्या पोटात मात्र त्याने एकेक वृषण परत ठेवून दिले, कधी त्याचेच, कधी दुसऱ्याचे. ते चांगले तुरेबाज कोंबडे झाले, आरवले, कोंबड्यांमागे धावले. नंतर पोट उघडून पाहिले तर वृषण आतड्याला चिकटून जगले होते. जुनी नस नाही, जुनी नळी नाही, फक्त नव्या रक्तवाहिन्या. म्हणजे पुरुषपण घडवणारी वस्तू रक्तातून जाते. पुढच्याच वर्षी लायडिग या शास्त्रज्ञाने नळ्यांच्या मधल्या त्या पेशींचे वर्णन केले. त्या आजही त्याच्याच नावाने ओळखल्या जातात. टेस्टोस्टेरॉन शुद्ध रूपात हाती आले १९३५ मध्ये.

आता बैलाकडे या. खच्चीकरणाच्या चिमट्याने वृषणाकडे जाणारी सगळी दोरी कातडीवरूनच चेपली जाते. त्यात रक्तवाहिन्याही चिरडतात. रक्त बंद झाले की वृषण वाळते, संप्रेरकही बंद. नसबंदीत फक्त शुक्रवाहिनी कापून बांधतात. रक्तवाहिन्यांना हात लावत नाहीत. "नस" या शब्दाने मोठा घोटाळा केला आहे. लोकांना वाटते रक्ताची किंवा ताकदीची नस कापतात. कापतात ती नळी.

वीर्यही येते. त्याचा बहुतांश भाग वृषणात बनतच नाही. निम्म्याहून जास्त द्रव वीर्यकोशातून येतो आणि बाकीचा मुख्यतः प्रोस्टेट ग्रंथीतून. या ग्रंथी कापलेल्या जागेच्या पुढे असतात. शुक्राणूंचा वाटा इतका थोडा की नसबंदीनंतर डोळ्याला फरक कळत नाही.

गंमत पाहा. ज्या ऑपरेशनने ताकद जाईल म्हणून आपण घाबरतो, तेच १९२० च्या सुमारास व्हिएन्नाच्या श्टाइनाखने म्हाताऱ्यांना तरुण करण्यासाठी सुचवले होते. नळी बांधली की संप्रेरक वाढते, असे त्याचे म्हणणे. फ्रॉइडने ते १९२३ मध्ये करून घेतले, कवी येट्सने १९३४ मध्ये. तारुण्य काही परत आले नाही. तो समजही चूक, आपलाही चूक. नळी बांधल्याने संप्रेरक ना वाढते ना घटते.

हे सगळे मराठीत सांगणारा माणूस आपल्याकडे होता. रघुनाथ धोंडो कर्वे, महर्षी कर्व्यांचे चिरंजीव, गणिताचे प्राध्यापक. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले, या कामापायी कॉलेजची नोकरी गेली, आणि १९२७ पासून मरेपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. वाचक त्यांना हस्तमैथुनासारख्या विषयांवर शंका विचारत आणि ते सरळ उत्तर देत. १९३४ मध्ये याच उत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला. बाजू मांडली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. तरीही २०० रुपये दंड झाला. त्या शंका आज माझ्या टेबलासमोर बसलेले रुग्ण विचारतात, फक्त आवाज हळू असतो.

आणि मग आणीबाणी. १९७६-७७ या एका वर्षात देशात सुमारे ६२ लाख पुरुषांची नसबंदी झाली, त्यातली बरीच धाकाने आणि उद्दिष्टे भरण्यासाठी. महाराष्ट्राने तर तीन मुलांनंतर सक्तीचे विधेयकही मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही. शिबिरातून घाईने आलेल्या, न विचारता कापल्या गेलेल्या माणसाला पुढे कंबर दुखली तरी दोष ऑपरेशनलाच गेला, आणि त्याला मी दोष देत नाही. त्यानंतर हे ओझे बायकांवर सरकले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के जणींनी स्वतः शस्त्रक्रिया करून घेतलेली होती. नवऱ्याने करून घेतलेल्या होत्या ०.३ टक्के.

त्या शेतकऱ्याला मी कागदावर चित्र काढून दाखवले. हल्ली बिनटाक्याची पद्धत आहे, बारीक छिद्रातून, जागा बधिर करून, आणि त्याच दिवशी घरी जाता येते. चार-आठ दिवस सूज-दुखणे राहू शकते, जड ओझे उचलू नये. क्वचित रक्त साकळते किंवा दुखणे लांबते, तेव्हा दाखवायला यावे. नळी पुन्हा जोडता येते, पण मूल होईलच याची खात्री नाही, म्हणून निर्णय पक्का असेल तरच करावे. आणि एक गोष्ट बहुतेक जण विसरतात : कापलेल्या जागेच्या पुढे आधीचे शुक्राणू शिल्लक असतात. म्हणून तीन महिने निरोध वापरायचा, मग वीर्याची तपासणी करायची, आणि शुक्राणू नाहीत असा रिपोर्ट हातात आल्यावरच निर्धास्त व्हायचे.

कागद त्याने घडी करून खिशात ठेवला. बायकोलाही हे दाखवतो, म्हणाला.